पाहणाऱ्याचा डोळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे. आमचा उभा जन्म त्याच कामात गेला, तेव्हा ही अपेक्षा वावगी नव्हे. पण आम्ही त्यांना उलट विचारले की, अश्लील चित्रफितींच्या प्रश्नावर बोललो तर चालेल काय? चालकांपैकी एक गृहस्थ एकदम गप्प झाले. दुसरे जरा वेळाने म्हणाले, "अहो, पण सभेला बायका असतील." आम्ही म्हणालो, "म्हणूनच." त्यांनी परवानगी दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आमचा अधिकार थोडा आहे, तो आधीच सांगून टाकतो. शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि वाचनालयाच्या बाकावर. आम्ही श्रद्धेने ख्रिस्ती आहोत. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आणि प्रार्थनामंदिराच्या त्याच ओसरीवर ते अक्षर शिकले. तेव्हा आज जे बोलणार ते एका ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने. परंतु ते फक्त ख्रिस्ती माणसांसाठी आहे असे मात्र नव्हे. मोबाईल कुणाची जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही.

नगरला ख्रिस्ती माणसे नवी नाहीत. सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन बाई १८३९ साली या गावात आली, आणि १८६२ साली मरेपर्यंत इथेच मुलींच्या शाळा चालवीत राहिली. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली इथेच निघाले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार याच गावाने पाहिला. या मंडळींविषयी कुणाचे काही मत असो. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट निर्विवाद आहे. जी स्त्री तोवर केवळ पाहिली जात होती, तिच्या हाती त्यांनी पुस्तक दिले. ती स्वतः पाहू लागली, वाचू लागली, लिहू लागली. लक्ष्मीबाईंसारखी परंपरेच्या घरात वाढलेली बाई 'स्मृतिचित्रे' लिहून जाते, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राकडे ती आपल्या डोळ्यांनी पाहत असते. आज आमचा विषय याच्या नेमका उलटा आहे. माणसाला पुन्हा नुसती पाहण्याची वस्तू करून टाकणे, हा तो विषय.

आमच्या तरुणपणी, म्हणजे १९८५ ते १९९० च्या सुमारास, ही वस्तू दोन रूपांत मिळे. एसटी स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे मासिकांच्या गठ्ठ्याखाली दडवलेली पिवळी पुस्तके, आणि व्हिडिओ पार्लरमधला रात्रीचा शेवटचा खेळ. दोहोंना पैसे पडत. त्याहून मोठी किंमत म्हणजे ओळखीचे कुणी पाहील ही भीती. मास्तर, काका, शेजारी, कुणीही. ही भीती काही थोर नीती नव्हे, पण ती दारावरच्या कडीचे काम करीत असे. पुढे मोबाईल आला; आणि २०१६ च्या सप्टेंबरापासून इंटरनेट इतके स्वस्त झाले की ती कडीच निघाली. आता माणूस एकटा असतो, पांघरुणात असतो, आणि साऱ्या जगाचा बाजार त्याच्या तळहातावर असतो.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती किंवा सुप्याला कंत्राटी मुलांच्या खोल्या आम्ही पाहिल्या आहेत. एका खोलीत सहा सहा जण, पाळी बदलती, कुणाचे लग्न ठरत नाही, कुणाची बायको गावी. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला गेलेल्या टोळीतला सोळा-सतरा वर्षांचा पोर दिवसभर मोळ्या वाहतो आणि रात्री कोपीत पडल्या पडल्या फोन उघडतो. या पोरांना शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. करण्याचा अधिकारही आम्हांस नाही. आणि तो का नाही, हे आता सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात काही बाया कंत्राटावर होत्या. कपडे बदलायला त्यांना जी खोली दिली होती तिला धड दार नव्हते. पत्र्याला फट होती. त्या फटीतून कुणीतरी फोन धरला. चाळीस-पन्नास सेकंदांची क्लिप. दोन दिवसांत ती पाळी-पाळीने सगळ्या कारखान्यात फिरली. ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आम्ही सभेची वेळ आणि बोनसच्या बातम्या टाकीत होतो, त्या गटावरही ती आली. ज्याने फोन धरला तो आमचाच सभासद होता. वर्गणी वेळेवर देणारा, मोर्चात पुढे असणारा.

तिसऱ्या दिवशी ती बाई युनियनच्या कचेरीत आली. बरोबर तिची सासू होती. सासू दारातच बसली. बाई आत आली, आणि तिने एकच प्रश्न विचारला. "भाऊ, तुम्ही पण बघितली का?"

आम्ही उत्तर दिले नाही. खरे उत्तर असे होते की आम्ही पाहिली होती. चौकशी करायची म्हणून पाहिली, असे आम्ही स्वतःस सांगितले. चौकशीला एकदा पुरे होते. आम्ही दोनदा पाहिली.

मग आम्ही पुढाऱ्याच्या आवाजात तिला म्हणालो, "बाई, काही दिवस गावी जाऊन या. पंधरा दिवसांत सगळे विसरतील." आमच्या मनात युनियनची निवडणूक होती. त्या सभासदाच्या मागे पाऊणशे मते होती. बाई गेली ती पुन्हा कामावर आली नाही. कंत्राटदाराने दुसरी बाई घेतली. फोन धरणाऱ्याची एक पाळीसुद्धा बुडाली नाही. वर्षभराने आम्ही तिच्या गावी गेलो, क्षमा मागितली. ती खुरपणीवरून आली होती. तिने चहा केला. म्हणाली, "माझं काम गेलं, भाऊ. त्याचं नाही गेलं. एवढंच बघा." तिच्या अंगणातून आम्ही उठलो ते असे उठलो की, तीस वर्षांत मालकापुढे कधी खाली गेली नव्हती तेवढी मान खाली गेली.

हा प्रसंग आज इथे सांगावा की नाही यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. तिची ओळख पटेल असे काही आम्ही बोललो नाही आणि बोलणार नाही. पण आमची ओळख लपवून या विषयावर बोलणे म्हणजे पुन्हा त्याच फटीतून पाहण्यासारखे झाले असते.

आता ख्रिस्ती दृष्टी म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, ख्रिस्ती धर्माला देहाचीच लाज आहे. ही समजूत आमच्यातल्याच काही उपदेशकांनी पसरवली, हे कबूल केले पाहिजे. बायबलच्या पहिल्याच अध्यायात मात्र देवाने स्त्री आणि पुरुष दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचे घडवले आणि ते सारे चांगले आहे असे पाहिले. देह घाणेरडा असता तर देवाने मनुष्यदेह धारण केला, हा आमच्या श्रद्धेचा गाभाच कोसळला असता. तेव्हा नग्नता हे पाप नव्हे, कामवासना हेही पाप नव्हे. मग पाप कोणते?

डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो त्याचा आशय असा की, जो पुरुष स्त्रीकडे तिच्या अभिलाषेने पाहतो त्याने मनात व्यभिचार केलाच. हे वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि भीतीने ऐकत आलो. त्या बाईच्या अंगणातून परत येताना एसटीत बसल्या बसल्या आम्हांस त्यातली एक गोष्ट प्रथमच दिसली. हे सारे वचन पाहणाऱ्याला उद्देशून आहे. स्त्रीने काय नेसावे, कुठे जावे, कुठे उभे राहावे, याविषयी त्यात एक अक्षर नाही. लगेच पुढे जे कठोर बोलणे येते तेही पाहणाऱ्याच्याच डोळ्याबद्दल आहे. त्या काळी, आणि आजही, जग म्हणत होते की पुरुष घसरला तर दोष तिचा. येशूने दोष तिच्या पदरावरून उचलला आणि पुरुषाच्या डोळ्यात ठेवला.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली. व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला लोक भर मंदिरात ओढून आणतात. व्यभिचाराला दोघे लागतात. आणले मात्र एकटीला. धोंडे हातात, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तेव्हा येशू काय करतो? खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो. काय लिहिले यावर पंडितांनी पुष्कळ तर्क केले. आम्ही पंडित नव्हे. आम्हांस एवढेच दिसते की, सारा जमाव तिच्याकडे पाहत असताना एका माणसाने आपली नजर जमिनीकडे वळवली. आणि मग जमावाला सांगितले की, ज्याचे हात स्वच्छ असतील त्याने सुरुवात करावी. सगळे निघून गेले, मगच त्याने मान वर करून तिच्याशी बोलणे केले. कचेरीत आमच्यासमोर तीच स्त्री उभी होती. आम्ही जमावात होतो.

दोष कुणाच्या पदरात घालायचा, यावरच या प्रश्नाचे सारे उत्तर अवलंबून आहे. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. १९९४ साली जळगावातले प्रकरण बाहेर आले. मुलींची आणि स्त्रियांची छायाचित्रे, चित्रफिती घेऊन त्यांच्या धाकाने त्यांचा पुन्हा पुन्हा छळ केला, असे ते प्रकरण. सारा महाराष्ट्र हादरला, वरिष्ठ पोलीस अधिकारी तपासास लागले. पण तक्रार द्यायला पुढे येणाऱ्या स्त्रिया थोड्या निघाल्या. का? तेव्हा मोबाईल नव्हते, इंटरनेट नव्हते. गुंडांच्या हातातले हत्यार फोटो हे नव्हतेच. फोटो पाहिल्यावर समाज तिलाच नावे ठेवील, ही खात्री हे त्यांचे हत्यार होते. आणि ते हत्यार तुम्हीआम्ही त्यांना पुरवले होते. ज्या दिवशी फोटोतल्या मुलीचे काम, शाळा, लग्न काहीही मोडणार नाही, त्या दिवशी असल्या फोटोची किंमत शून्य होईल.

ही लढाई ख्रिस्ती स्त्रियांनी पूर्वी एकदा लढलेली आहे, आणि तीही ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारशी. भिंगारची छावणी आपणांस ठाऊकच आहे. इंग्रजी अमलात अशा छावण्या देशभर होत्या, आणि त्यांतल्या अनेकांत गोऱ्या शिपायांसाठी बायका ठेवण्याची व्यवस्था लष्कराच्या देखरेखीखाली चाले. रोग पसरू नये म्हणून १८६८ साली हिंदुस्थानात कायदा झाला. तपासणी कुणाची? त्या बायकांची. शिपायांची नव्हे. इंग्लंडात जोसेफिन बटलर या बाईने असल्याच कायद्याविरुद्ध अनेक वर्षे झुंज दिली, आणि १८८६ साली तो रद्द करवला. इथला कायदा १८८८ साली गेला, पण छावण्यांतली पद्धत काही गेली नाही. तेव्हा १८९१-९२ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन ख्रिस्ती स्त्रिया उत्तरेकडच्या छावण्यांतून हिंडल्या, त्या बायकांशी स्वतः बोलल्या, आणि १८९३ साली लंडनला चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. सरकारने आधी सारे नाकारले. मागाहून लष्कराच्या सरसेनापतीला माफी मागावी लागली. बटलरबाईंचा मुद्दा सरळ होता. बाजार दोघांचा, मग बेडी एकटीला का?

आता युनियनवाला म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण या धंद्यात कामगारही आहे आणि मालकही आहे. पडद्यावरची बाई स्वखुशीने ते करते, तिला पैसे मिळतात, मग तुमचे काय जाते, असा प्रश्न तरुण मुले आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना विचारतो, करार पाहिलास काय? अमेरिकेत सॅन दिएगो येथील न्यायालयात जानेवारी २०२० मध्ये बावीस स्त्रियांनी एका अश्लील संकेतस्थळाच्या मालकांविरुद्ध दावा जिंकला. मॉडेलिंगच्या जाहिराती देऊन त्यांना बोलावले होते. चित्रण इंटरनेटवर कधीच येणार नाही, परदेशात कुठेतरी डीव्हीडीवर विकले जाईल, असे सांगून सह्या घेतल्या होत्या. प्रत्यक्षात ते सगळीकडे पसरले, त्यांच्या घरच्यांपर्यंत गेले. न्यायालयाने सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर भरपाई देवविली. जन्मभर कंत्राटी करार वाचण्यात गेलेल्या आम्हांस यात काही नवल वाटले नाही. गरजू माणूस, घाई, न वाचलेला कागद आणि खोटे आश्वासन. फरक एवढाच की, आमचा कामगार पाळी संपली की घरी जातो. या बाईची पाळी संपतच नाही. ती झोपलेली असते तेव्हाही, म्हातारी होते तेव्हाही, कुणीतरी तिला कामाला लावलेले असते.

आणि पाहणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नाही. पडद्यावरची स्त्री राजीखुशीने आहे, फसवून आणली आहे, की पत्र्याच्या फटीतून टिपली आहे, हे चित्र सांगत नाही. त्याला फक्त देह दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर मोठ्या कार्ड कंपन्यांनी पैशाचा रस्ता रोखला, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळांपैकी एकाने, टाकणाऱ्याची खात्री पटवलेली नव्हती अशा लाखो चित्रफिती काढून टाकल्या. याचा अर्थ, तोवर त्या लाखो चित्रफितींत कोण होते, कसे होते, हे ठाऊक नसताना ते पाहिले जात होते. माल चोरीचा आहे की नाही हे न विचारता घेणाऱ्याला आपल्या बाजारात काय म्हणतात, ते सांगायला नको.

पाहणाऱ्याचेही नुकसान होते. इथे मात्र अतिशयोक्ती करू नये. धर्मोपदेशक कधी कधी सांगतात की एकदा पाहिले की माणूस व्यसनी झाला. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली संमत केलेल्या आजारांच्या यादीत कामवर्तनावरचा ताबा सुटण्याच्या विकाराला स्थान दिले; पण त्याचबरोबर हेही बजावले की, केवळ नैतिक अपराधी भाव वाटतो म्हणून कुणाला रोगी ठरवू नये. हे आम्हांस पटते. लाज म्हणजे रोग नव्हे. परंतु रोगाच्या अलीकडेही नुकसान असते. आज जे पाहून मन हलले ते महिन्याने पुरत नाही. अधिक विचित्र, अधिक कठोर काही लागते. खऱ्या बायकोचा थकलेला चेहरा, तिचे नाही म्हणणे, तिचे हसणे, यांना पडद्यावर जागा नसते. म्हणून घरीही त्यांना जागा राहत नाही. आमच्या कचेरीत भांडणे मिटवायला येणाऱ्या बायका हे कसे सांगतात? "ते माझ्याकडे बघतच नाहीत," असे सांगतात. दिवसाचे दोन तास नुसते पाहण्यात घालवणारा माणूस घरात मात्र पाहत नाही. ख्रिस्ती भाषेत याला आम्ही प्रतिरूप पुसणे म्हणतो. आधी तिचे पुसले जाते, मग त्याचे.

कुणी म्हणेल, मग सगळेच बंद करा. इथे सावध राहिले पाहिजे. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. आत संततिनियमन आणि कामजीवन यांविषयी शास्त्रीय माहिती असे. अश्लीलतेबद्दल त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. अज्ञानी माणसाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, ही कर्व्यांची बाजू होती. आज कर्वे बरोबर होते हे कोण नाकारील? पुढे १९६२ च्या एका दिवाळी अंकातील 'श्यामा' या कादंबरिकेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. तेव्हा कापड किती आहे हे मोजून अश्लीलता ठरत नाही. आमचे माप साधे आहे. समोरच्या माणसाविषयी तुम्हांला काही अधिक कळते, की तो माणूस तुमच्यापुरता नाहीसा होतो? कर्व्यांच्या मासिकाने माणसाला ज्ञान दिले. त्या चाळीस सेकंदांच्या क्लिपने एक माणूस नाहीसे केले.

आणि कर्व्यांनी जे केले ते आपण न केल्यामुळेच आजची मुले मोबाईलकडे शिकायला जातात. आमच्या प्रार्थनामंदिरात पंधरा वर्षांच्या मुलांना दहा आज्ञा पाठ करवतात, पण सातव्या आज्ञेशी आले की शिक्षक घाईने आठवीकडे वळतात. घरोघरीही तेच. आपण गप्प बसतो आणि बाजार बोलतो.

आता प्रतिकाराचे पाहू. पहिला प्रतिकार स्वतःशी. नुसत्या निश्चयाने हे होत नाही, हे आम्ही दारूच्या बाबतीत शेकडो घरांत पाहिले आहे. निजण्याच्या खोलीत फोन नेऊ नये, ही साधी गोष्ट दहा व्याख्यानांहून उपयोगी आहे. दुसरे, एकट्याने लढू नये. एकमेकांजवळ पापे कबूल करा, असा उपदेश याकोबाच्या पत्रात आहे. एकटा कामगार मालकापुढे टिकत नाही म्हणून आपण युनियन काढतो. एकटा माणूस या बाजारापुढे टिकेल असे मानणे हा अहंकार आहे. एक विश्वासू मित्र असावा, ज्याला आठवड्यातून एकदा खरे सांगता येईल. ज्यांचा ताबाच सुटला आहे त्यांनी वैद्यांकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रतिकार साखळी तोडण्याचा. क्लिप आपल्या फोनवर आली की पुढे जाता कामा नये. हा ज्याचा त्याने पुकारायचा संप आहे. त्याला नोटीस लागत नाही. सज्ञान माणसाने एकांतात काही पाहणे हा आपल्याकडे आपोआप गुन्हा होत नाही. पण पाठवणे, पसरवणे हा गुन्हा आहे. मुलांची असली चित्रे तर जाणूनबुजून पाहणे आणि फोनमध्ये जपून ठेवणेसुद्धा गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. स्त्रीने चित्र काढू दिले म्हणजे पसरवू दिले असे होत नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात लिहिलेले आहे. पोरांनो, हे कलम पाठ करा.

तिसरा प्रतिकार कामाच्या जागी. २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी अश्लील चित्रे दाखवणे हा लैंगिक छळ ठरवला आहे. १९९७ साली विशाखा खटल्याच्या निकालातही तो उल्लेख होताच. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती पाहिजे, तिची अध्यक्ष स्त्री पाहिजे. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. २०१८ साली हे सारे कायदे पुस्तकात होते, आणि ते पुस्तक आमच्या कपाटात होते. आता आमच्या युनियनने ठराव केला आहे. असल्या आरोपातल्या सभासदाला चौकशीत आपली बाजू मांडता येईल; तो हक्क कुणाचाही हिरावून घेऊ नये. पण त्याला पाठीशी घालण्यासाठी युनियन एकही पाऊल टाकणार नाही, आणि तक्रार करणाऱ्या बाईचे काम टिकवणे ही युनियनची पहिली मागणी राहील. तिच्यासाठी धड दाराची खोली, ही दुसरी. आणि त्या सहा जणांच्या खोलीतल्या मुलांसाठी राहण्याची जागा, साप्ताहिक सुटी, कायम नोकरी, या आमच्या जुन्या मागण्या आहेतच. ज्याला संसार करता येईल इतके वेतन मिळते, त्याला पडद्यावरचा खोटा संसार थोडा कमी लागतो, असा आमचा अनुभव आहे.

शेवटचे म्हणजे, दोष न देता आसरा देणे. पंडिता रमाबाईंनी केडगावी, म्हणजे आपल्या नगरजवळच्या नव्हे, दौंडजवळच्या केडगावी, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. त्यांनी उपदेशाआधी डोक्यावर छप्पर दिले. आमच्या मंडळ्यांनी आणि तुमच्या मंडळांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले, की क्लिपमधली मुलगी दारात आली तर तिला आत घ्यावे, बसवावे, आणि 'गावी जा' असे म्हणू नये.

श्रोतेहो, भाषण संपले. निघण्यापूर्वी आपल्यापैकी पुष्कळजण खिशातला फोन काढून पाहतील. कुणाच्या फोनवर काही आलेले असेल. ते उघडण्यापूर्वी क्षणभर अशी कल्पना करा की, त्यातली बाई तुमच्यासमोर येऊन उभी राहिली आहे, तिची सासू दारात बसली आहे, आणि ती विचारते आहे, "भाऊ, तुम्ही पण बघितली का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तुम्हांला ते मान वर करून देता यावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.